धनुष्ये मिळतील, धनुर्धर कुठून आणणार?

इतिहासाच्या पाठात एक वाक्य हमखास येते : 'बंदूक आली आणि धनुष्यबाण मागे पडले.' मुले ते लिहून घेतात आणि आपणही पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने हात वर करून विचारले की, 'सुरुवातीच्या बंदुका तर मिनिटाला एखाददुसरी गोळी झाडत, पावसात त्यांची वात विझे, नेमही नीट लागत नसे. मग त्यांनी धनुष्याला हरवले कसे?' तर त्या एका वाक्याने भागत नाही. या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा तर इंग्लंडच्या लाँगबोइतके, म्हणजे पुरुषभर उंचीच्या लांब धनुष्याइतके, चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्यात इतिहास आहे, वनस्पतिशास्त्र आहे, पदार्थविज्ञान आहे आणि शरीरशास्त्रही आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या राजांनी आपल्या सैन्यात इंग्रज आणि वेल्श तिरंदाजांची मोठी भरती सुरू केली. फ्रान्सशी चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धात (१३३७ ते १४५३) या तिरंदाजांनी नाव काढले. १३४६ साली क्रेसी येथे आणि १४१५ साली ॲजिनकोर्ट येथे फ्रान्सच्या चिलखती सरदारांचा पराभव झाला. ॲजिनकोर्टला इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांत बहुसंख्य तिरंदाजच होते; त्यांची संख्या पाच ते सात हजार मानली जाते. हे तिरंदाज सरदार घराण्यांतले नव्हते, साधे गावकरी होते. अर्थात विजय एकट्या बाणांचा नव्हता. नुकत्याच नांगरलेल्या शेतातला चिखल, अरुंद मैदान आणि झालेली चेंगराचेंगरी यांचाही त्यात वाटा होता.

समुद्रतळावरचा पुरावा

गंमत अशी की, एवढे गाजलेले हे धनुष्य प्रत्यक्षात किती जोरकस होते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाच नीट ठाऊक नव्हते. लाकूड कुजते. त्या काळची धनुष्ये जवळजवळ शिल्लकच राहिली नव्हती.

हा पुरावा एका अपघाताने जपून ठेवला होता. आठव्या हेन्रीच्या आरमारातले 'मेरी रोज' हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी लढताना पोर्ट्‌समथ बंदराजवळ बुडाले. जहाजावरच्या शेकडो माणसांपैकी मोजकीच वाचली. जहाजाची एक बाजू समुद्रतळाच्या गाळात रुतली. गाळात प्राणवायू फारसा पोचत नाही, त्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या जीवांचे तेथे काही चालले नाही. पाणबुड्यांनी अनेक वर्षे उत्खनन केले आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी जहाजाचा उरलेला सांगाडा पाण्याबाहेर काढला. जहाजावरच्या सामानात १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले.

या धनुष्यांची सरासरी लांबी जवळजवळ दोन मीटर आहे. मापे घेऊन आणि तशीच नवी धनुष्ये बनवून अभ्यासकांनी अंदाज काढला. धनुष्य पूर्ण ओढून धरण्यासाठी सुमारे ४५ ते ८० किलो वजन उचलण्याइतके बल लागत असावे, असे त्यांना आढळले. आज ऑलिंपिकमधले पुरुष तिरंदाज साधारण २० ते २३ किलोचे धनुष्य वापरतात. सिमेंटचे भरलेले पोते ५० किलोचे असते. त्याहून जड ओझे तीन बोटांनी दोरी धरून कानापर्यंत खेचायचे, आणि तेही मिनिटाला पाच-सहा वेळा! ही आकडेवारी पुढे आल्यावर प्रश्न धनुष्याचा राहिला नाही. ते ओढणारी माणसे कशी होती, हा प्रश्न झाला.

एका काठीत दोन प्रकारचे लाकूड

त्याआधी धनुष्याकडे पाहू. हे धनुष्य यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या एकाच लाकडातून कोरलेले असे. कोणतीही काठी वाकवली की तिच्या बाहेरच्या बाजूला ताण बसतो आणि आतल्या बाजूला दाब. यू वृक्षाचे सालीलगतचे फिकट लाकूड (रसकाष्ठ) ताण चांगला सोसते. गाभ्याचे तांबूस लाकूड (मध्यकाष्ठ) दाब चांगला सोसते. दोन्ही थर जिथे एकमेकांना भिडतात, नेमका तिथलाच तुकडा कारागीर निवडत. फिकट थर बाहेरच्या अंगाला आणि तांबूस थर तिरंदाजाकडे ठेवला की, दोन पदार्थ चिकटवून केलेल्या वस्तूचे गुण एका अखंड काठीत मिळतात. त्या कारागिरांनी ताण-दाबाची सूत्रे कधी पाहिली नव्हती, पण लाकूड त्यांना पुरते कळले होते.

मात्र सरळ वाढलेले, बिनगाठीचे यू इंग्लंडमध्ये पुरेसे मिळत नसे. म्हणून १४७२ साली कायदा झाला की, बाहेरून माल आणणाऱ्या जहाजांनी मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याचे चार दांडके आणलेच पाहिजेत. बाणांचीही तीच गोष्ट. बाणाच्या शेपटीला हंसजातीच्या पाळीव पक्ष्याची (गूजची) पिसे लागत. १४१७ साली पाचव्या हेन्रीने अनेक परगण्यांतून दर पक्ष्यामागे सहा पिसे गोळा करण्याचा हुकूम काढला होता. एका लढाईमागे किती रानांचा, जहाजांचा आणि खुराड्यांचा व्यवहार उभा असतो, हे यावरून दिसते.

थोडा हिशेब

आता आठवी-नववीच्या गणिताने जमेल असा हिशेब करू. धनुष्याची दोरी जसजशी ओढावी तसतसे बल वाढत जाते. ही वाढ ढोबळमानाने एकसारखी आहे असे धरू. म्हणजे आलेख सरळ रेषेचा, आणि साठलेली ऊर्जा म्हणजे त्या रेषेखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ.

पूर्ण ओढल्यावरचे बल सुमारे ६५० न्यूटन (म्हणजे ६६ किलो वजनाइतके) आणि दोरी ओढण्याचे अंतर ०.६ मीटर घेतले, तर

ऊर्जा = ½ × ६५० × ०.६ = १९५ ज्यूल.

ही सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. धनुष्याची टोके आणि दोरीही हलतात, त्यांच्याकडे काही भाग जातो. बाणाला दोन तृतीयांश, म्हणजे १३० ज्यूल मिळाले असे मानू. बाण ८० ग्रॅमचा असेल, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५७ मीटर येतो, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून थोडा जास्त. असा बाण दोनशे मीटरच्या पलीकडे सहज जातो.

१३० ज्यूल म्हणजे किती? १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४४ किलोमीटर वेगाने टाकला, तर त्याची गतिज ऊर्जा १२८ ज्यूल भरते! ऊर्जा सारखीच, पण चेंडू ती तळहाताएवढ्या जागेवर पसरतो आणि बाण अणकुचीदार टोकावर एकवटतो. तरीही उत्तम पोलादी चिलखतापुढे बाणाला मर्यादा होत्या. २०१९ साली इंग्लंडमध्ये जुन्या पद्धतीने घडवलेल्या छातीच्या चिलखतावर सुमारे ७० किलोच्या धनुष्याने बाण मारून पाहण्यात आले, तेव्हा ते आरपार गेले नाहीत. चेहरा, सांधे, पातळ पत्रा आणि घोडे यांना मात्र त्यांचा धोका मोठा होता.

या हिशेबातली महत्त्वाची गोष्ट अशी की, ते १९५ ज्यूल लाकडातून आलेले नाहीत. लाकडाने ते घटकाभर साठवले, एवढेच. ते आले तिरंदाजाच्या पाठीतून, खांद्यांतून आणि दंडांतून. धनुष्याला दुसरे इंधन नाही.

हाडांनी दिलेली साक्ष

'मेरी रोज'च्या गाळात माणसांचे अवशेषही होते. किमान १७९ जणांचे अवशेष ओळखता आले. त्यांचा अभ्यास करताना अस्थिशास्त्रज्ञ ॲन स्टर्लंड यांचे लक्ष खांद्याच्या मागच्या पसरट हाडाकडे गेले. या हाडाचे टोक लहानपणी वेगळ्या तुकड्याच्या रूपात असते आणि वयाच्या साधारण विशीपर्यंत मूळ हाडाशी सांधले जाते. या जहाजावरच्या बऱ्याच जणांत ते कधी सांधलेच नव्हते. त्यांचे प्रमाण सामान्य माणसांत आढळते त्याहून स्पष्टपणे जास्त होते. वाढीच्या वयात खांद्यावर सतत जबर ओढ पडत राहिली तर असे होऊ शकते. यांपैकी कोण तिरंदाज होता हे प्रत्येकाच्या बाबतीत सांगता येत नाही. पण लहानपणापासून जड धनुष्ये ओढणाऱ्यांचे हे खांदे असावेत, हा स्टर्लंड यांचा निष्कर्ष बहुतेकांना पटण्यासारखा वाटला.

आपल्याला थबकायला लावणारी गोष्ट इथे आहे. ज्या वयातली मुले आपल्यासमोर बाकांवर बसतात, त्याच वयात या मुलांची हाडे युद्धाच्या मापाने घडवली जात होती.

कायद्यातले बालपण

आणि हे आपोआप घडत नव्हते. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढले की, धडधाकट पुरुषांनी सणासुदीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करावा. चेंडूचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी यांत वेळ घालवू नये. आठव्या हेन्रीच्या काळी, १५४१-४२ च्या कायद्याने, सात ते सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी घरात एक धनुष्य आणि दोन बाण ठेवणे बंधनकारक केले. चोवीस वर्षांवरील पुरुषांनी २२० यार्डांपेक्षा (सुमारे २०० मीटर) जवळच्या लक्ष्यावर सराव करायचा नाही, असाही नियम होता.

शिकवण्याची रीत कशी होती? ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने १५४९ साली राजापुढे दिलेल्या प्रवचनात आपल्या लहानपणची आठवण सांगितली आहे. वडिलांनी त्याला नुसत्या हातांच्या जोराने न ओढता सगळ्या अंगाचा भार धनुष्यात घालायला शिकवले. वय आणि ताकद वाढेल तसतसे वाढत्या जोराचे धनुष्य त्याला मिळत गेले. आजचा व्यायामशिक्षकही याहून वेगळे सांगणार नाही. स्नायू आणि अस्थिबंध हळूहळू वाढत्या भारानेच बळकट होतात. घाई केली तर दुखावतात.

एक गोष्ट मात्र शिक्षकांच्या चटकन ध्यानात येईल. एकच आज्ञा पुन्हा पुन्हा काढावी लागते, याचा अर्थ ती पाळली जात नाही. लोकांना चेंडू खेळण्यातच अधिक रस होता.

मग बंदूक का जिंकली?

१५९० साली इंग्लंडमध्ये यावर छापील वादच झाला. सर जॉन स्मिथ धनुष्याच्या बाजूने लिहीत होता : ते जलद आहे, हलके आहे, त्याला वात पेटवावी लागत नाही. त्याच वर्षी सर रॉजर विल्यम्स या अनुभवी सैनिकाने उलट लिहिले की, पाचशे बंदूकधारी हे पंधराशे तिरंदाजांपेक्षा उपयोगी आहेत, कारण पाच हजार तिरंदाज जमवले तरी त्यांत जेमतेम दीड हजार कामाचे निघतील. शिवाय मोहिमेत उपासमार आणि आजारपण झाले की तिरंदाजाचा जोर ओसरतो. अखेर १५९५ साली राणी एलिझाबेथच्या मंत्रिमंडळाने गावोगावच्या प्रशिक्षित तुकड्यांना धनुष्ये सोडून बंदुका घेण्याचा आदेश दिला.

विल्यम्सचा मुद्दा ऊर्जेच्या भाषेत मांडता येतो. त्या काळच्या बंदुकीच्या गोळीची ऊर्जा हजार ज्यूलच्या बरीच पुढे असे आणि ती दारूतल्या रासायनिक ऊर्जेतून येई. बंदूक धरणारा उपाशी असो, तापाने फणफणलेला असो, गोळीचा जोर तोच. दारू पिंपांत भरून ठेवता येते. तिरंदाजाचे बळ कोठारात ठेवता येत नाही. बंदूक चालवायला काही आठवड्यांत शिकवता येते. तिरंदाजाला आठ-दहा वर्षे लागतात, आणि तो लढाईत पडला तर त्याची जागा घेणारा त्याआधी आठ-दहा वर्षे तयार होत असावा लागतो. ती साखळी एकदा तुटली की, कितीही फर्माने काढली तरी लगेच जोडता येत नाही.

वर्गात करून पाहा

बांबूच्या कामट्याचे लहान धनुष्य करा. दोरीच्या मध्याला ताणकाटा अडकवून दर दोन सेंटिमीटरला बल मोजा आणि आलेख काढा. आलेखाखालचे चौकोन मोजून साठलेली ऊर्जा मुलांनाच काढू द्या. बाण सोडायचा नाही. आणि बाण न लावता ओढलेली दोरी एकदम सोडून देऊ नये, हळूहळू सैल करावी. का, ते मुलांना विचारा : बाणाला जायची ती ऊर्जा मग जाणार कुठे?

नंतर हा शेवटचा प्रसंग सांगावा. फेब्रुवारी १७७६ मध्ये, अमेरिकन वसाहती ब्रिटनविरुद्ध लढत असताना आणि दारूची टंचाई असताना, बेंजामिन फ्रँकलिन यांनी सेनापती चार्ल्स ली यांना पत्रातून सुचवले की पुन्हा धनुष्यबाण वापरावेत. कारणे पटण्यासारखी होती : एका गोळीच्या वेळात चार बाण सुटतात, धुराने डोळ्यांपुढे पडदा येत नाही, बाण कुठेही बनवता येतात. फ्रँकलिन स्वतः मोठे वैज्ञानिक होते आणि त्यांचे हे मुद्दे बरोबर होते. तरी त्या हिशेबात कोणता आकडा राहून गेला, हे वर्गाला शोधू द्यावे. सात वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पहिल्या धनुष्यापर्यंत मुले बहुधा स्वतःच येऊन पोचतील.