पेंढा भरलेल्या हरिणाचें ठाण

संग्रहालयांतील मृत प्राण्याचा नमुना हाही एक ऐतिहासिक पुरावाच होय. ताम्रपटाचा वाचक चुकला तर मूळ अक्षरें पुन्हां पाहतां येतात. परंतु नमुना करणारानें प्राण्याचें ठाण, म्हणजे उभें राहण्याची ढब, चुकविलें तर ती चूक कातड्याबरोबर वाळून कायमची होते. म्हणून हा प्रश्न संशोधकाच्याही विचाराचा आहे.

प्रथम माझाच अपराध सांगतों. मी ज्या शाळेंत संस्कृत शिकवीत असें, तेथें एका सांबराचें मस्तक टांगलेलें होतें. कान मागें चापून बसविलेले, मान मात्र बारीक. 'गुरुजी, हें भ्यालें आहे कीं रागावलें आहे?' असें मुलें विचारीत. कालिदासाच्या शाकुंतलांतील, मागच्या रथाकडे वळून वळून पाहत पळणारें हरिण मनांत असल्यामुळें 'भ्यालें आहे' असें उत्तर मीं वर्षानुवर्षें दिलें. सेवानिवृत्तीनंतर सातपुरास राहावयास आल्यावर एकदां मुंबईस गेलों असतां, इ. स. १९२२ मध्यें उघडलेल्या व आतां छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहांतील प्राणिविभाग निवांतपणें पाहिला. तेव्हां शंका उत्पन्न झाली व शोध घेतां उत्तर चुकीचें ठरलें. सावध हरिण धोक्याच्या दिशेस कान रोखतें. तें कान मागें चापतें तें बहुधा प्रतिस्पर्ध्यास धमकावतांना. शिवाय माजाच्या दिवसांत नराची मान फुगते. म्हणजे कान माजाचे व मान इतर ऋतूची, असें तें दोन ऋतूंचें कडबोळें होतें.

यावरून पहिला नियम असा कीं, आधीं जात व ऋतु ठरवावा, मग ठाण. अमरकोशांत मृगांचीं अनेक नांवें आहेत. त्यांपैकीं कृष्णसार म्हणजे काळवीट, पृषत म्हणजे ठिपक्यांचा चितळ व शंबर म्हणजे सांबर. आपल्या नाशिक जिल्ह्यांत येवल्याकडे ममदापुरास काळवीट अद्याप आढळतात. काळविटाचें शिंग हाडावर चढलेल्या खोळीचें असून जन्मभर टिकतें. सांबर व चितळ यांचीं शिंगें भरीव हाडाचीं. तीं गळून पुन्हां उगवतात व वाढत असतां त्यांवर मऊ लवेची कातडी असते. अशा लवदार शिंगांच्या सांबरास झुंजीचें ठाण देणें म्हणजे एका शकाच्या लेखास दुसऱ्या शकाची मिति जोडणें होय.

दुसरा नियम, ठाण कातडें काढण्यापूर्वीं ठरवावें. 'पेंढा भरणें' हा शब्द रूढ असला तरी चांगल्या कामांत आतां पेंढा नसतो. शरीराचीं मापें घेऊन त्याबरहुकूम सांगाडा घडवितात व कमावलेलें कातडें त्यावर चढवितात. कानशिलाखालीं, मध्यें व खांद्यापाशीं मानेचा घेर किती, डोळ्यापासून नाकापर्यंत अंतर किती, हें आधीं न टिपल्यास पुढें सर्व अनुमानच.

तिसरा नियम, सर्व अवयवांनीं एकच भाव सांगावा. घाबरलेलें सांबर शेपूट उभारतें व पुढचा पाय आपटतें. पाय उचललेला आणि कान ढिले, हें विसंगत होय. चरणाऱ्या प्राण्याची बाहुली आडवी असते व मान खालीं घातली तरी डोळा फिरून तिचा आडवेपणा बहुतांशी राखतो; कांचेचा डोळा बसवितांना हें विसरूं नये.

चौथा नियम पाहणाराचा. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत ऋज्वागत म्हणजे सन्मुख, पार्श्वागत म्हणजे बाजूचें, पृष्ठागत म्हणजे पाठीकडचें, अशीं एकंदर नऊ स्थानें सांगितलीं आहेत. 'ठाण' हा आपला शब्द त्या 'स्थान' शब्दाचाच वंशज. हरिणाच्या मस्तकाची मान दाराकडे वळवावी, भिंतीकडे नव्हे. फार उंच टांगावयाचें असल्यास हनुवटी किंचित खालीं घ्यावी, नाहीं तर खालून केवळ गळाच दिसतो.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत एका स्तंभशीर्षावर चार हरिणें कोरलीं असून चौघांस मस्तक एकच आहे. कोणत्याही धडाकडून पाहा, मस्तक त्याचेंच वाटतें. मान व धड यांचा सांधा शिल्पकारानें किती बारकाईनें पाहिला असेल! ठाण निवडणारानें हें शिल्प अवश्य पाहावें.

आज ही जबाबदारी वाढली आहे. इ. स. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची सुधारणा यांनीं शिकारीची वाट बंद केली, हें योग्यच झालें. इ. स. २००९ मध्यें बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मृत वन्यप्राण्यांचे नमुने करण्याचें केंद्र निघालें. आतां भिंतीवरील मस्तक शिकाऱ्याचा पराक्रम सांगण्यासाठीं नसून प्राण्याची साक्ष देण्यासाठीं आहे. साक्ष खरी हवी.

शाळेंतील तें मस्तक काढून टाकूं नये, त्याखालीं चिठ्ठी लावावी, असें मीं कळविलें आहे: 'याचे कान चुकले आहेत; शिकविणाराही चुकला होता.' इत्यलम्.