किलोटनाचा हिशेब: माहूल ते लोणार

स्फोटाची ऊर्जा टीएनटी या स्फोटकाच्या वजनात मोजतात. एक टन टीएनटी म्हणजे ४.१८४ अब्ज ज्यूल. हजार टनांचा किलोटन, दहा लाख टनांचा मेगाटन. या एकाच मापाने सिलिंडर, अणुबाँब, भूकंप आणि उल्कापात एका रांगेत बसवता येतात. मात्र ऊर्जेचा क्रम तोच विध्वंसाचा क्रम असतो, असे मुळीच नाही.

चेंबूरच्या माहूल भागातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत एलपीजी तयार होतो. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे १५५ किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. म्हणजे वजनास वजन धरले तर गॅस अकरा पट सरस. तरीही शेगडीवर तो कित्येक दिवस संथपणे जळतो, कारण त्याला बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन लागतो. टीएनटीच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याची ऊर्जा क्षणार्धाच्याही लहानशा भागात सुटते. गळालेला गॅस बंद खोलीतल्या हवेत मिसळून पेटला, तर तोही स्फोटच ठरतो.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. आग लागली, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. किलोटनाच्या आसपासचा हा साठा. पण पेटत्या गाठी शहरावर कोसळल्या, वणवे लागले. शेकडो माणसे गेली, आग विझवायला धावलेले ६६ जवान त्यांत होते.

अणुस्फोटात वजनाचे गणितच बदलते. एक किलो प्लुटोनियमचे पूर्ण विखंडन झाले तर १७ किलोटनांच्या आसपास ऊर्जा सुटते. चेंबूरलगतच्या ट्रॉम्बे येथील ‘सायरस’ अणुभट्टीतले प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. तिच्या क्षमतेचे अंदाज साधारण ८ ते १२ किलोटनांचे आहेत. हिरोशिमाचा बाँब १५ किलोटनांचा होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची तीव्रता ६.२ धरली, तर लहरींतून बाहेर पडलेली ऊर्जा ३० किलोटनांच्या घरात जाते: दोन हिरोशिमा. ही तुलना वर्तमानपत्रांना आवडते, पण ती अपुरी आहे. किल्लारी परिसरात सुमारे १०,००० बळी गेले ते जमिनीखाली उथळ असलेल्या केंद्रामुळे, दगडमातीच्या जड भिंतींमुळे आणि लोक झोपेत असलेल्या पहाटेच्या वेळेमुळे.

अवकाशातून येणाऱ्या दगडात स्फोटक काहीच नसते. असतो तो वेग. सेकंदाला २० किलोमीटर वेगाच्या एक किलो दगडात एक किलो टीएनटीच्या सुमारे ४८ पट ऊर्जा असते. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर, बेसॉल्टमधले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, अशाच आघाताने बनले आणि त्या ऊर्जेचे अंदाज मेगाटनांत आहेत. उलट १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर आलेल्या अशनीची ऊर्जा सुमारे ५०० किलोटन, हिरोशिमाच्या तीसपटीहून अधिक होती. तो जमिनीपासून जवळपास ३० किलोमीटर उंचीवर फुटला. काचा फुटून सुमारे १,५०० जण जखमी झाले, मृत्यू एकही झाला नाही.