फोडणीला शिळाच ब्रेड का हवा?

स्वारगेटच्या एसटी स्टँडच्या आसपास, मुकुंदनगर-गुलटेकडीकडे खोली करून राहणाऱ्या मुलामुलींचा हक्काचा नाश्ता म्हणजे फोडणीचा ब्रेड. तो गिचका झाला की दोष शिळ्या ब्रेडवर येतो, आणि तिथेच गफलत होते.

शिळा ब्रेड म्हणजे पाणी उडालेला ब्रेड, असं आपण धरून चालतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ सालीच दाखवलं, की पाणी उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतो. भट्टीत मैद्यातला स्टार्च फुगून मऊ पडतो. गार झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा घट्ट जुळू लागतात. हे जुळणं सगळ्यांत जोरात चालतं ते फ्रिजमधल्या तापमानाला. म्हणजे फ्रिजमध्ये ब्रेड ताजा राहत नाही, बुरशी तेवढी उशिरा धरते. टिकवायचाच तर फ्रीझरमध्ये ठेवावा.

फोडणीला मात्र हाच कालचा ब्रेड उत्तम. ताजा सुरीखाली चेपतो आणि कढईत त्याचे गोळे होतात. शिळ्याचे बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करावेत, कडा काढू नयेत. लोखंडी कढईत आधी कोरडेच भाजावेत, बदामी झाले की काढून ठेवावेत. मग मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे, कांदा, हळद. कांद्याचं पाणी पुरतं आटल्यावरच तुकडे आत जाऊ द्यावेत.

पाण्याचा हबका मारल्याशिवाय तो मऊ होत नाही, हाही समजच. ब्रेडमध्ये मुळात एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं आणि गरम होताच स्टार्च पुन्हा सैल पडतो. हबका मारला की लगदाच. मिठाचा हातही आखडता हवा: १०० ग्रॅम ब्रेडमध्ये साधारण १ ग्रॅम मीठ आधीच असतं.

मैदा आतड्याला चिकटून बसतो, हे तर साफ चूक. तो पचतो, उलट भराभर पचतो. उणीव आहे ती तंतूंची. म्हणून शेंगदाणे, मटार, गाजर सढळ हाताने घालावेत. ब्राउन ब्रेड आणला तरी पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. जो घटक सर्वांत जास्त, तो आधी लिहिलेला असतो. पहिलं नाव मैद्याचं असेल, तर तो रंगावरच ब्राउन.

आणि पावसाळ्यात हिरवा ठिपका दिसला, की तेवढा कोपरा तोडून उरलेला फोडणीला टाकू नये. ब्रेड सच्छिद्र असतो, बुरशीचे धागे दिसतात त्याच्या पलीकडेही पसरलेले असू शकतात. तिचं विष फोडणीच्या आचेने जाईलच असं नाही. तो ब्रेड टाकूनच द्यावा.