मेल सर्व्हरची देखभाल : फॉरवर्ड केलेली मेल बाउन्स होते तेव्हा

मागच्या भागात एसपीएफ नोंद कशी वाचायची ते पाहिलं. त्याच नोंदीपायी फॉरवर्डिंग कसं अडतं, ते आज बघू.

समजा, कॉलेजच्या डोमेनवर प्राध्यापकांना आलेली मेल सर्व्हर थेट जीमेलला धाडतो. एका प्रकाशन संस्थेची, डीकेआयएम सही नसलेली मेल येते. जीमेल ती ५५० देऊन नाकारतं, सोबत ५.७.२६ हा उपकोड, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. जीमेलला दिसतो कॉलेजचा आयपी, आणि प्रकाशकाच्या एसपीएफ नोंदीत तो नाही. बाउन्स जातो प्रकाशकाला. ज्यांची मेल हुकली त्या प्राध्यापकांना काहीच कळत नाही.

म्हणून पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये क्यू आयडी धरून त्या मेलच्या सगळ्या ओळी काढा आणि 'फ्रॉम=' पुढचा पत्ता बघा. हा लिफाफ्यावरचा पत्ता; मेल उघडल्यावर दिसणारा फ्रॉम वेगळा असू शकतो. बाहेर जातानाही तिथे प्रकाशकाचाच पत्ता असेल, तर एसआरएस, म्हणजे फॉरवर्ड करताना लिफाफ्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलण्याची पद्धत, लागू नाही.

पोस्टएसआरएसडी जोडलं की तो पत्ता आपल्या डोमेनचा होतो. सुरुवातीला 'एसआरएस०', मग छोटा हॅश, दोन अक्षरांचा तारखेचा शिक्का, मूळ डोमेन आणि मूळ नाव. हॅश हवाच, नाहीतर कोणीही असे पत्ते रचून आपल्या सर्व्हरमार्फत हवी तिथे मेल पाठवील.

एसआरएस बसवलं म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. एसपीएफ आता पास होतं ते आपल्या डोमेनच्या नावाने. फ्रॉममधल्या डोमेनने डीमार्क 'रिजेक्ट' ठेवलं असेल, तर मूळ डीकेआयएम सहीच मेलला तारते. विषयात शेरा घातला किंवा तळाशी सूचना चिकटवली की सही मोडते. फॉरवर्ड होणाऱ्या मेलच्या मजकुराला सर्व्हरने हात लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

बाउन्स आता आपल्याच एसआरएस पत्त्यावर येतो आणि तिथून मूळ पत्त्यावर जायला हवा. 'युजर अननोन' दिसलं तर उलटं रूपांतर जोडायचं राहिलं आहे. हॅश जुळत नसेल तर गुप्त किल्लीची फाइल तपासा. नव्या मशीनवर जाताना ती हमखास मागे राहते, आणि दोन सर्व्हर असतील तर दोन्हींवर एकच लागते. तिसरं कारण सहसा कोणी तपासत नाही. आरएफसी ५३२१ (२००८) प्रमाणे बाउन्सच्या लिफाफ्यावर पाठवणाऱ्याची जागा रिकामी असते, नाहीतर बाउन्सला बाउन्स असं चक्र सुरू होईल. स्पॅमच्या भीतीने काही जण अशी मेल सरसकट अडवतात. ती अडवू नका. रिकाम्या पाठवणाऱ्याने एखाद्या ताज्या एसआरएस पत्त्यावर चाचणी मेल पाठवा; लॉगमध्ये 'टू=' पुढे मूळ पत्ता उमटला पाहिजे.

आणि स्पॅमची चाळणी फॉरवर्ड करण्याआधी लावा. स्पॅम आपण स्वीकारलं आणि जीमेलने नाकारलं, तर बाउन्स जातो तो ज्याचा पत्ता चोरून वापरला त्या निरपराध माणसाला. हेच बॅकस्कॅटर, आणि त्यापायी आपला आयपी काळ्या यादीत जाऊ शकतो.

पुढच्या आठवड्यात : एआरसी.