डायनोसॉर आपल्याही मातीतला

रत्नागिरीजवळच्या पालीत जांभ्या चिऱ्याच्या घरात मूल डायनोसॉरचे पुस्तक उघडते आणि विचारते, "हे सगळे परदेशातलेच का?" पालकहो, नाही म्हणून सांगा! १८२८ साली जबलपूरला स्लीमन यांना डायनोसॉरची हाडे मिळाली. 'डायनोसॉर' हे नावच पुढे १८४२ साली पडले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यालाही जीवाश्म सापडले आहेत. मग पालीत का नाहीत? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे जाड थर साचले. त्याच काळ्या दगडाची झीज होऊन आपला जांभा तयार झाला. आणि एखाद्या चित्रात डायनोसॉरसोबत माणूस दिसला, तर मुलाला जरूर विचारू द्या, "पुरावा काय?"