सेलेनियमच्या कोऱ्या ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन

हिंगोलीत घरून काम करणारा टेस्टर रोजच्या क्रोममध्ये ‘गूगल इनपुट टूल्स’ हे एक्स्टेन्शन वापरून ‘वसमत’ टाइप करतो, तेव्हा सगळं सुरळीत असतं. तीच चाचणी ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियमवर लावली की एक्स्टेन्शन गायब!

कारण सेलेनियम दर वेळी कोरं, तात्पुरतं प्रोफाइल उघडतं. एक्स्टेन्शन मुद्दाम सोबत द्यावं लागतं: क्रोमला सीआरएक्स फाइल, फायरफॉक्सला एक्सपीआय. ब्राउझरची खिडकी न दाखवता चालणारा क्रोमचा जुना हेडलेस मोड एक्स्टेन्शन घेतच नसे. २०२३मधल्या नव्या मोडनं ती अडचण मिटवली, हे फार बरं झालं.

२०२५मध्ये मात्र क्रोम १३७मधून एक्स्टेन्शन सोबत देणारा ‘लोड-एक्स्टेन्शन’ हा स्विच काढला गेला. तेव्हा चाचणीसाठी ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ घ्यावं. त्यात तो चालतो.