नरक्या : झाड आणि औषध यांतील अंतर

सकाळच्या लोकलने कल्याण-डोंबिवलीहून परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेले रुग्ण आम्ही नोकरीला जाताना नेहमी पाहतो. आमच्या चाळीतील एक गृहस्थ त्यांपैकीच. कोणीतरी त्यांना नरक्याची पूड दिली व "याच झाडापासून कॅन्सरचे इंजेक्शन बनते" असे सांगितले. त्यांनी केमो अर्ध्यावर सोडली. चार महिन्यांनी परत गेले तेव्हा आजार पसरला होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

विक्रेत्याचे बोलणे अर्धेच खरे होते. नरक्या हे सह्याद्रीतील उग्र वासाचे लहान झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. पेशी वाढताना डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या एका विकराला ते अडवते, त्यामुळे कर्कपेशी मरतात. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळे केले. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी! १९७२ साली तेच द्रव्य नरक्यातही सापडले.

परंतु खरी अडचण पुढेच होती. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्यावर अल्कलीची प्रक्रिया करून विरघळणारा क्षार तयार केला व तो रुग्णांना दिला. गुण फारसा आला नाही. उलट जुलाब, मूत्राशयाचा दाह असे त्रास झाले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. कारण त्या प्रक्रियेत रेणूतील एक वलय उघडले जात होते आणि द्रव्याची ताकद त्या बंद वलयातच होती. पुढे शास्त्रज्ञांनी ते वलय राखून रेणूच्या दुसऱ्या भागात बदल केले. त्यातून टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे आली. १९९६ साली अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. म्हणजे शोधापासून औषधापर्यंत तब्बल ३० वर्षे लागली.

आता विचार करा. प्रयोगशाळेतील एक प्रक्रिया चुकली तर औषधाचा गुण जातो आणि अपाय उरतो. मग घरी कुटलेल्या पुडीत द्रव्य किती, कोणत्या रूपात, हे कोण सांगणार? शिवाय अशा मागणीपायी सह्याद्रीतील नरक्याची बेसुमार तोड झाली, ती वेगळीच.

आमची सभासदांना कळकळीची विनंती आहे : झाडपाला घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका आणि सुरू असलेले उपचार सोडू नका. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना एवढे समजावून सांगितले तरी या लेखाचे चीज झाले असे आम्ही समजू.